जैवपुरातत्त्व शिकायचं असेल तर पदवीला जीवशास्त्र घ्यावं की इतिहास?

जैवपुरातत्त्व म्हणजे उत्खननात मिळालेल्या मानवी अवशेषांवरून जुन्या माणसांचं आयुष्य समजून घेणं. दोन्हीकडून वाट आहे, पण हाडं ओळखायला आजपासूनच लागा. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात आणि उत्खननात ती बहुधा तुटलेली मिळतात. हातातला तुकडा कुठल्या हाडाचा, डावा की उजवा, हे सांगता येणं हा पाया. म्हणून शरीररचना आणि उत्खनन दोन्ही शिकवणारा अभ्यासक्रम शोधा. बहुतेक ठिकाणी पदवी पुरातत्त्व किंवा मानवशास्त्राची असते, जैवपुरातत्त्वाचं स्पेशलायझेशन पदव्युत्तरला येतं.

मला स्वतःला सर्वांत आवडतात ते दात. एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, लहानपणी तयार होतं आणि नंतर नव्याने बनत नाही. स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य जमिनीतून अन्नपाण्यावाटे त्यात येतं. त्यामुळे त्याच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून ती व्यक्ती बालपणी कुठल्या भूभागात वाढली असावी, याचा अंदाज बांधता येतो. एनॅमलवरच्या आडव्या खाचा म्हणजे त्या वयातल्या उपासमारीची किंवा आजारपणाची खूण. हाडं मात्र आयुष्यभर झिजत-भरत राहतात, म्हणून त्यांतून पुढच्या वयातला आहार कळतो. एकाच सांगाड्यात बालपण आणि उतारवय शेजारीशेजारी वाचायला मिळतं!

रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र टाळू नका, पुढे पावलोपावली लागतात.

नीतिमत्तेचा भागही मनापासून शिका. टेबलावरची ती कवटी कुणाच्या तरी आईची, लेकराची असते. अमेरिकेत मूळनिवासींचे अवशेष त्यांच्या वंशजांना परत करण्यासाठी १९९० मध्ये कायदा झाला. त्यावरचा वाद प्रवेश घेण्याआधीच वाचून ठेवा.