जहाज नांगरलं की धक्क्याला लागलं?

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे. ‘आमचा कंटेनर न्हावा-शेव्याला उभा आहे. जहाज आलं का, असं एजंटला विचारलं तर तो म्हणतो, “बाहेर नांगरलंय.” दुसऱ्या दिवशी एका बातमीत “जहाज धक्क्याला नांगरले” असं वाचलं. आम्ही नांगरतो ते रान. जहाज नांगरणं ही हिंदीतल्या लंगरची बिघडलेली नक्कल आहे का? आणि लागलं, नांगरलं, गोदीत गेलं हे सगळं एकच का?’

नक्कल नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) नांगर या शब्दाखाली शेताचं अवजार आणि गलबताचं अवजार असे दोन्ही अर्थ सापडतात. किनाऱ्यावरची माणसं नांगर टाकतात, नांगर उचलतात, गलबत नांगरून ठेवतात. आपण घाटावरचे, म्हणून आपल्या कानाला आधी बैलजोडीच ऐकू येते. एजंटचं वाक्य निर्दोष आहे. चूक आहे ती बातमीत, आणि ती का, हे कळायला मुंबई बंदराचा जुना कारभार थोडा पाहावा लागेल.

ससून गोदी १८७५ साली झाली. त्याआधी मुंबईला आलेलं मोठं जहाज सहसा किनाऱ्याला चिकटतच नसे. ते भर बंदरात नांगर टाकून उभं राही आणि माल मचव्यांतून, पडावांतून काठावर येई. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीच्या पाण्यात साडेतीन मीटरहून जास्त फरक पडतो, म्हणजे सकाळी जिथं जहाज तरंगलं तिथंच दुपारी ते चिखलात बसायचं. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी खुली झाली. या गोद्यांना दरवाजे होते. भरती आली की ते उघडायचे, जहाजं आत-बाहेर करायची आणि पाणी उतरायच्या आत दरवाजे बंद, म्हणजे आतलं पाणी आतच राहतं. साहजिकच भरतीची वेळ चुकलेलं जहाज बाहेर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट पाही. १९१४ च्या अलेक्झांड्रा गोदीला (आताची इंदिरा गोदी) लॉक, म्हणजे पाण्याची पातळी कमी-जास्त करता येणारा दोन दरवाजांमधला कप्पा, बांधलं, तेव्हा कुठे ही भरतीची ताबेदारी सैल झाली. (गोदीचा आपल्या गोदेशी काही संबंध नाही. हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो, म्हणून आधीच सांगून टाकतो.)

तेव्हा बाहेर नांगरलेलं, धक्क्याला लागलेलं आणि गोदीत घेतलेलं या जहाजाच्या तीन वेगळ्या अवस्था आहेत, आणि इंग्रजी अमदानीतल्या नियमांचा बराच भाग एका अवस्थेतून दुसरीत कोणी, कधी आणि कोणाच्या हुकमानं जायचं यावरच खर्ची पडला आहे. १९०८ चा भारतीय बंदर कायदा पाहा. त्यातलं एक कलम ज्या बंदरांना लावलं होतं, तिथं २०० टन किंवा त्याहून मोठं जहाज पायलट (बंदरातली वाट दाखवणारा वाटाड्या) किंवा बंदराचा अधिकारी वर चढल्याशिवाय आत येऊ शकत नसे, बाहेर जाऊ शकत नसे आणि जागाही बदलू शकत नसे. जहाजांनी कोणत्या वेळी, किती वेगानं ये-जा करायची, कुठे उभं राहायचं, रात्री कोणते दिवे लावायचे, इतरांसाठी वाट कशी मोकळी ठेवायची, यांचे नियम करायचा अधिकारही त्याच कायद्यात होता.

नांगराबद्दल तर त्यात दोन मजेदार कलमं होती. जहाज सरकारी बोयात (तळाशी साखळीनं बांधलेल्या तरंगत्या पिंपात) किंवा त्याच्या साखळदंडात अडकलं, तर कप्तानानं तो बोया स्वतः उचलून सुटका करून घ्यायची नाही, अधिकाऱ्याला कळवून त्याच्या मदतीनंच घ्यायची. संकटाची वेळ असेल तरच सूट. आणि बंदराच्या तळाशी हरवलेले नांगर, साखळ्या गळ फिरवून शोधायला परवानगीशिवाय बंदी! शब्दशः तळ नांगरायला बंदी, असं म्हटलं तरी चालेल.

हा भेद जिवावर बेतू शकतो. १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा मुंबईत स्फोट झाला, त्यात शेकडो माणसं गेली. नेहमीचा दंडक असा की, दारूगोळ्याचं जहाज बाहेर नांगरून माल तिथूनच छोट्या होड्यांत उतरवायचा. युद्धाच्या घाईत तो बाजूला ठेवला गेला आणि स्फोटकं नि कापसाच्या गाठी एकत्र भरलेलं हे जहाज थेट व्हिक्टोरिया गोदीत घेतलं. आता कोणी ‘गोदीत नांगरलेले फोर्ट स्टिकिन’ असं लिहिलं, तर त्यानं नेमकी मुख्य गोष्टच उलटी केली. ते नांगरलेलं नव्हतं, हाच तर घोळ होता.

राहिला लंगर. शेतातला नांगर संस्कृत लाङ्गलपासून आला, आणि त्यात ल चा न झालाच आहे, लिंबू-निंबूत ल-न ची अदलाबदल दिसते तसाच. जहाजासाठी फारसीत लंगर होताच. मला वाटतं, बाहेरून आलेल्या लंगरला मराठी तोंडात घरच्या नांगराचं रूप मिळालं असावं, कारण दोन्ही अवजारं जमिनीत रुतूनच काम करतात. पण हा माझा तर्क आहे. मराठीत ‘लंगर टाकला’ लिहिलंत तरी कोणी अडवणार नाही. मी स्वतः नांगरच लिहीन.

बातमीतलं वाक्य ‘जहाज धक्क्याला लागले’ असं हवं होतं. धक्क्याला जहाज दोरखंडांनी बांधतात, तिथं ‘बांधले’ही चालेल. मुंबईत थोडा गोंधळ बंदर या शब्दानंही होतो, कारण तिथं सगळं मिळूनही बंदर आणि पालव बंदर, कर्नाक बंदर असे एकेक जुने धक्केही बंदरच.

आणि तुमच्या एजंटच्या ‘बाहेर नांगरलंय’चा व्यवहारातला अर्थ एवढाच की, जहाज पोचलंय, पण त्याला अजून धक्का मिळालेला नाही. तेव्हा ‘आलं का’ विचारू नका, ‘बर्थ कधीचा मिळालाय’ ते विचारा, आणि तोवर यार्डातल्या रीफरची, म्हणजे तुमच्या थंड कंटेनरची, वीज चालू आहे ना, तेही.