पाढे पाठ आहेत, तरी गुणाकार का चुकतो?

"मॅडम, पाढे तोंडपाठ आहेत हिला. पण दोन अंकी गुणाकार आला की सगळं चुकतं. गणिताचं डोकंच नाही का हिला?" चौथीतल्या मुलीची आई विचारत होती. मुलगी शेजारीच बसली होती, म्हणून उत्तर देण्याआधी मी वही मागितली.

४७ × ३६ = ४२३. ५२ × २४ = ३१२. ६३ × २१ = १८९. तिन्ही चूक, पण तिन्ही एकाच तऱ्हेने चूक. धांदरट मूल कधी इथे चुकतं, कधी तिथे. दर वेळी त्याच पायरीवर घसरणारं मूल एक नियम अगदी इमानाने पाळत असतं, फक्त तो अर्धवट असतो. वहीत जागोजागी 'लक्ष दे' असा शेरा होता. लक्ष तर ती देतच होती.

"मोठ्याने बोलत कर," म्हटलं. सात सक बेचाळीस, दोन लिहिले, हातचे चार... २८२. मग तीनने गुणून १४१, बरोबर २८२च्या खाली. बेरीज ४२३.

"इथे फुली मारायची असते ना?"

"हो, विसरते मी."

"का मारायची?"

तिने आईकडे पाहिलं. ३६ मधला ३ म्हणजे किती, तर "तीन". ३६ मधून ६ काढले तर? "तीस." आणि ती थबकली.

मग चार घरांची चौकट काढली. वर ४० आणि ७, बाजूला ३० आणि ६. घरं तिनेच भरली: १२००, २१०, २४०, ४२. बेरीज करायच्या आधीच म्हणाली, "एका घरातच बाराशे आहेत, मग ४२३ कसे येतील?" माझ्या मते त्या दिवसाचं खरं काम इथेच झालं. खालची ओळ २४० + ४२ म्हणजे तिचेच २८२. वरची १२०० + २१० म्हणजे १४१०. एकूण १६९२. फुलीच्या जागी शून्य का येतं, ते तिनेच मला सांगितलं.

आईची शंका रास्त होती: परीक्षेत चौकटी काढत बसली तर वेळ कसा पुरणार? चौकट कायमची नाही. काही आठवडे चौकट आणि उभी मांडणी शेजारी शेजारी करायची, मग चौकट आपोआप सुटते. तोवर फुलीऐवजी सरळ ० लिहायचं. रोज दोन-तीनच गणितं, आणि प्रत्येकाआधी अंदाज: ४७ म्हणजे जवळजवळ ५०, ३६ म्हणजे ४०, तेव्हा उत्तर दोन हजारांच्या थोडं आत. पाढ्यांची घोकंपट्टी तूर्त बंद.

काही मुलांचं मात्र ४७ × ६ इथेच ४८२ येतं. ती हातचे चार आधी मिळवतात आणि मग गुणतात. त्यांना दोन अंकी गुणाकार थांबवून आधी ४० × ६ आणि ७ × ६ वेगळे करायला लावते.