किल्ली फिरली की टकटक

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांचा, नाशिकला राहतो. १४ महिन्यांपूर्वी एका खासगी कंपनीतली अकाउंट्सची नोकरी सोडली आणि पूर्णवेळ कथा-कादंबरी लिहायची ठरवली. एक कथासंग्रह आलाय, दरवर्षी दोन-तीन दिवाळी अंकांत कथा येतात. बायको शिक्षिका आहे, तिला विचारूनच निर्णय घेतला. आई आमच्याकडे असते. तिनं काळजी करू नये म्हणून ‘कंपनीनं घरून काम दिलंय’ असं सांगितलं. सोसायटीतही तेच. पण मी दिवसभर घरी दिसतो, त्यामुळे गॅसवाला, टाकी धुणारे, मावसभावाचं आधार कार्ड, सगळं माझ्याच गळ्यात. ९ ते ६ टेबलाशी बसतो, तरी गाडी ३०० शब्दांपुढे जात नाही. हल्ली तर बायको शाळेतून आली, दारात किल्ली फिरली, की मी उगाचच कीबोर्डवर टकटक सुरू करतो. घरच्यांना माझ्या वेळेची किंमत कशी पटवू? की परत नोकरी धरू?
– घरबसल्या, नाशिक

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण ती टकटक मीही केलेली आहे. माझ्या वेळी कीबोर्ड नव्हता. सासूबाईंची चाहूल लागली की मी कोऱ्या कागदावर पेन टेकवून कपाळाला आठ्या घालायचे. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र ‘कंपनीनं घरून काम दिलंय’ या वाक्याशी थांबले.

तुमची तक्रार आहे की घरच्यांना तुमच्या लेखनाच्या वेळेची किंमत नाही. पण तुमच्या आईला तुम्ही लिहिता हेच कुठे माहीत आहे? तिच्या लेखी तुम्ही कंपनीचे पगारी नोकर. पाच मिनिटं उठून सिलिंडर घेतलात तर कंपनी बुडत नाही, हे तिचं गणित बरोबरच आहे. मावसभावाचंही बरोबर आहे. ज्या कामाचं नावच घरात घेतलेलं नाही, त्याला घरानं जागा कुठून करून द्यायची?

(एक चिमटा काढूनच घेते. घरी बसून लिहिणाऱ्या बाईला गॅसवाल्याबद्दल असं पत्र लिहायचं सुचतसुद्धा नाही. मी वाल सोलता सोलता लिहिलेल्या गोष्टी टेबलावरच्यांपेक्षा सरस निघाल्या, ते जाऊ दे. तुमच्या बायकोची शाळा सुटल्यावर पुढची शाळा कोण चालवतं, तेही एकदा बघा.)

आता तुमच्या वेळापत्रकाबद्दल. ९ ते ६ ही अकाउंट्स खात्याची वेळ आहे. तुम्ही नोकरी सोडलीत, पण हजेरीपट घरी घेऊन आलात. कथा-कादंबरी नऊ तास लिहिता येत नाही. मला तीन तास जमतात, तेही पहाटे. अँथनी ट्रोलप हा इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करणारा कादंबरीकार. १८८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला २५० शब्द काढायचा. त्याला वेळेवर उठवण्यासाठी एका जुन्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. साडेआठला लेखन संपलं, मग न्याहारी. तो वेग तुमच्याकडे मागत नाही, माझ्याकडेही नाही. पण बघा, एवढं शिस्तीचं भूतसुद्धा तीन तासांनी उठत होतं.

आणि ३०० शब्दांना नाक का मुरडता? तुम्ही आकड्यांतले, म्हणून सांगते. रोजचे ३००, वर्षातले २०० दिवस धरले तर ६०,००० शब्द होतात. चांगल्या मापाची कादंबरी झाली की ही. उरलेले १६५ दिवस सणवार, आजारपण, पाहुणे आणि फाडून टाकलेल्या पानांसाठी ठेवा. ती पानं लागतातच. हरी नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं छापल्या. पुढच्या आठवड्याचं पान रिकामं सोडायची सोय नव्हती. तुमच्यामागे असं कुणी नाही. मग तीन तासांची वेळ तरी स्वतःला घालून द्या आणि ती पाळा.

बाकीचा दिवस काय करायचं? अहो, पूर्णवेळ लेखकाचं निम्मं काम लेखनाबाहेरचंच असतं. ते कुणी सांगत नाही. माझा दिवस सांगते. नऊला खर्डा बंद. मग मुद्रितं. मी युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर छपाईच्या फॉन्टमध्ये गेला की कुठे रफार उडालेला, कुठे जोडाक्षर फुटलेलं. ते डोळ्यांत तेल घालून बघायचं, कारण छापून आल्यावर वाचक मलाच शुद्धलेखन शिकवतात. मग पत्रं. मग तो फोन, ज्याची मला अजून लाज वाटते : ‘नाही, सहज केला होता... ते मागच्या अंकाचं मानधनाचं तेवढं बघाल का?’ दुपारी तासभर झोप. तिची लाज अजिबात वाटत नाही. उठल्यावर कालचं लिहिलेलं कागदावर छापून, लाल पेन घेऊन. संध्याकाळी मंडई. मेथीच्या जुडीवरून दोन बायका कशा भांडतात ते ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी माझी पात्रं बातम्या दिल्यासारखी बोलतात.

यात वर्षाचं चक्रही आहे, ते तुम्हाला थोडं ठाऊक असेलच. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाची दिवाळी पावसाळ्यात असते. संपादकांची पत्रं उन्हाळ्यात येतात, कथा जुलै-ऑगस्टपर्यंत द्यायची. आकाशकंदिलाचं वर्णन छत्री वाळत घातलेल्या खोलीत बसून करायचं. पैसे मात्र दिवाळी होऊन गेल्यावर, कधी पुढच्या उन्हाळ्यात. म्हणून जून ते ऑगस्ट कथा आणि उरलेल्या महिन्यांत कादंबरी, अशी विभागणी मी करते. दोन्ही एकत्र शिजवायला गेले की दोन्ही करपतात.

आता पैसे. यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. समजा तुमच्या पुस्तकाची किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची आणि रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती छापील किमतीवर खपल्या तर हातात ३०,००० रुपये. त्या खपायला दोन-तीन वर्षंही लागतात. नुसत्या पुस्तकांवर घर चालवणारे मराठीत फार थोडे. मी अनुवाद करते, ऑडिओ मालिकांचे भाग लिहिते, कधी दुसऱ्याच्या आत्मचरित्राला भाषा देते. करार नीट वाचते. ऑडिओचे हक्क पुस्तकाच्या करारात गुपचूप जाऊ देऊ नका, वेगळे बोला. कॉपीराइट लेखकाच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. तुम्ही आज आळसानं केलेली सही नातवंडांपर्यंत पोचेल.

परत नोकरी धरू का, विचारता. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीत होते. त्यांना कुणी अर्धवेळ लेखक म्हणत नाही. पण पूर्ण नोकरीकडे धावायच्या आधी तुमच्या हातातली कला बघा. तीन-चार दुकानदारांचं जीएसटीचं काम धरा. महिन्याची विवरणपत्रं ११ आणि २० तारखेच्या आसपासची. त्या आठ-दहा दिवसांत दुपारी हिशेब, पहाट तरीही तुमचीच. माझ्याकडे असला हुन्नर असता तर मानधनासाठी मी इतके ‘सहज’ फोन केले नसते.

मग राहिली आई. तिला समोर बसवून भाषण देऊ नका. छापलेली कथा वाचून दाखवा आणि म्हणा, हे माझं काम, कंपनीचं नाही, नोकरी मी सोडलीय. ती आधी ‘मग पगार?’ विचारेल. तेव्हा वही तयार ठेवा : बायकोचा पगार, शिल्लक, हिशेबाच्या कामाचे येतील ते, लेखनाचे आलेत ते. रागावेल, दोन दिवस अबोलाही धरेल. १४ महिने फसवलंत, तेवढा हक्क तिचा आहे. त्यानंतर ‘सकाळी साडेनऊपर्यंत मला हाक मारू नकोस’ हे तिला सांगता येईल, आणि मावसभावाला ते तीच सांगेल. गॅसवाला साडेनऊनंतर आला तर सिलिंडर तुम्हीच घ्या.

आणि बायकोबद्दल. त्या शिक्षिका आहेत. फळ्याकडे तोंड करून उभ्या असतानाही मागे कोण लिहितंय आणि कोण लिहिल्याचं दाखवतंय, हे त्यांना आवाजावरून कळतं. तुमची टकटक त्यांना पहिल्याच आठवड्यात कळली असणार, आणि तरी त्या बोललेल्या नाहीत. उद्या किल्ली फिरेल तेव्हा लॅपटॉप बंद असेल तर बंदच राहू द्या. उठा आणि चहाचं आधण ठेवा.