नागपुरात दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप कसा शोधायचा? तिथे प्रार्थना असते म्हणतात, देव न मानणाऱ्याचं जमतं का?

जमतं भाऊ. माझं सहा वर्षांपासून जमतंय.

पण ग्रुपच्या आधी एक सांगा. सकाळी हात थरथरतात का? चहाच्या आधी घोट लागतो का? तसं असेल तर आज रात्री एकदम बंद करून मीटिंगला जाऊ नका, आधी डॉक्टर गाठा. मी तो शहाणपणा करून बसलोय. पोळ्याच्या रात्री शेवटची ढोसली, मारबतीच्या दिवशी घेतली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. मुंग्या नव्हत्याच. आईला वाटलं कोणी करणी केली. बायकोने मात्र ऑटोत घातलं आणि थेट मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. रोजची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम आणि ताप. यात माणूस दगावतोही. मेडिकल, मेयो, प्रादेशिक मनोरुग्णालय, जिथे सोयीचं पडेल तिथे मानसोपचाराच्या ओपीडीत जा आणि आकडा खरा सांगा. मी डॉक्टरांना 'कधीमधी घेतो' म्हणालो, तर बायकोने मागून चार बोटं दाखवली. चार क्वार्टर, रोजच्या.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, जाहिरातीतली पावडर वरणात कालवू नका म्हणून. माझ्या मावशीने तो प्रयोग केला होता. अशा पावडरीत डायसल्फिरामसारखं औषध निघालं आणि वरून माणूस प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, बीपी कोसळतं. ते औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून.

आता ग्रुप. नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, सगळे 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलून सुटले, तिथून हे सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही. संस्था बाहेरच्यांची देणगीही घेत नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, दहा-वीस टाकायचे, नसले तर पुढे सरकवायची. नेटवर एए नागपूर शोधलं की नंबर सापडतो, आणि फोन उचलणारा बहुतेक आपल्यातलाच असतो. नाहीच लागला तर ओपीडीतल्या समुपदेशकाला विचारा, नाहीतर १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. निघण्याआधी जागा आणि वेळ फोनवर पक्की करा. मी पहिल्यांदा जुन्या पत्त्यावर गेलो, कुलूप बघून परत फिरलो, आणि रस्त्यात भट्टी होतीच.

तुमचा खरा अडसर प्रार्थना आहे. माझाही तोच होता. मी बौद्ध घरातला. दर रविवारी विहारात 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी', म्हणजे दारूपासून दूर राहीन, असं म्हणत मोठा झालो, बावीस प्रतिज्ञांत 'मी दारू पिणार नाही' आहेच. तोंडपाठ. आणि त्याच रविवारी संध्याकाळी बारमध्ये. त्यामुळे लाज दुप्पट. बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस असा, हे वस्तीत कोणापाशी बोलणार? आणि इथे आलो तर दारू सोडायच्या एएच्या बारा पायऱ्यांत 'ईश्वर'! पहिल्या दिवशी तर उठूनच जाणार होतो.

शेजारच्या खुर्चीवरच्या काकांनी चहा पिताना समजावलं. सुरुवातीच्या सदस्यांतही देव न मानणारे होते, त्यांनी लावून धरलं म्हणून 'जसा ज्याला उमगला तसा' हे शब्द त्या पायऱ्यांत आले. सदस्य व्हायची अट एकच, दारू सोडायची इच्छा. मग मी एक ठरवलं. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात तेव्हा मी उभा राहतो आणि गप्प राहतो. सहा वर्षांत कोणी 'काऊन बे, म्हणत नाहीस?' असं विचारलं नाही. पायऱ्यांत म्हणतात ती माझ्यापेक्षा मोठी शक्ती कोणती म्हणाल, तर ती प्लास्टिकच्या खुर्च्यांवरची पंधरा माणसं. एकट्याने माझा एक दिवस निघत नव्हता, हे तर सिद्धच झालं होतं.

खरं तर मला वाचवलं ते वेळेने. आमची मीटिंग सात ते साडेआठ, म्हणजे नेमकी माझी पहिली क्वार्टर उघडायची वेळ. नंतर टपरीवर चहा, घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ, आणि भूक लागलेली. सुरुवातीचे तीन महिने मी फक्त ही वेळ भरायला जात होतो, बाकी काही पटलं नव्हतं. पुढे दोनदा घसरलो. दोन्ही वेळा परत गेलो तर कोणी प्रवचन दिलं नाही, खुर्ची सरकवली.

पहिल्या दिवशी दाराजवळ बसा. पाळी आली की 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. ओळखीचं कोणी दिसलं तर तोही तिथे त्याच कामाला आलाय, आणि तिथलं बाहेर काढायचं नाही हा नियम दोघांनाही लागू.

बायको सोबत येणार असेल तर ओपन मीटिंग कोणत्या दिवशी हे आधी विचारून घ्या. क्लोज्डमध्ये फक्त दारू सोडू पाहणारेच बसतात. मला माहीत नव्हतं, बिचारी दीड तास बाहेर स्कूटरवर बसून होती. घरच्यांसाठी अल-ॲनॉन म्हणून वेगळा ग्रुप असतो, त्याचंही त्याच फोनवर विचारा. माझी बायको आता तिकडे जाते, आणि तिथे माझ्याबद्दल काय बोलते ते मला सांगत नाही.