पोरं मला बघूनच रडतात, समाधान कुठून आणू?

प्रश्न: मॅडम नमस्कार, माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, सोलापुरात लहान मुलांच्या एका खाजगी हॉस्पिटलमधे आहे. आधी मोठ्यांच्या मेडिसिन वॉर्डला होते, तिथं आज्ज्या तोंडभरून आशीर्वाद द्यायच्या. इथं पोरं माझा युनिफॉर्म दिसला तरी भोकाड पसरतात आणि सुई लावायला व्हेन (शीर) सापडली नाही की बापाची बोलणी मला. नाईट करून आलं की वाटतं हे कशासाठी करतीये? फील्ड बदलू का?
– एक सिस्टर, सोलापूर

उत्तर: अगं पोरं रडणारच की! त्यांच्या लेखी तू सुईवाली बाई. आणि बरं झालं की आईबाप बिलाचं बघून अक्कलकोटची नाहीतर इंडीची एसटी धरायच्या गडबडीत, तुला थँक्यू कोण म्हणणार. लहान मुलांच्या वॉर्डात कौतुकाची वाट बघू नकोस, मिळालं तर चहासोबत खारी मिळाली समजायचं. पण काम लागू पडलेलं इथं लगेच दिसतं बघ, जुलाबानं डोळे खोल गेलेलं, पोटाची कातडी चिमटीत धरली तर पटकन खाली न बसणारं बाळ, सलाईन न् ओआरएस नीट गेलं की दुसऱ्या दिवशी बिस्कीट मागत कॉटवर उभं राहतं, लकव्याच्या पेशंटमधे एवढं लवकर कुठं दिसतं?

आता व्हेनचं. बाळाला चौघांनी दाबून धरण्यापेक्षा जमेल तिथं आईच्या मांडीवर घे, हात आधी कोमट कपड्यात गुंडाळून ठेव, पिवळी २४ नंबरची कॅन्युला (सलाईनची बारीक सुई-नळी) ट्रेमधे उघडी दिसू देऊ नको, आणि ‘दुखणार नाही’ असं खोटं तर अजिबात सांगू नको, पुढच्या वेळी पोर जवळ येऊ देत नाही. दोनदा हुकलं की दुसऱ्या सिस्टरला बोलव, त्यात कसला कमीपणा. बापाला टोचायच्या आधीच सांगायचं की शिरा बारीक आहेत, एखादवेळी परत टोचावं लागेल. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

आपल्याकडं कन्नड, तेलुगू जरा तरी यायला पाहिजे. शहराच्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या आईला ‘दूध पिलं का, शू कधी झाली’ एवढं तिच्या भाषेत विचारलंस की ती जे सांगेल ते फाईलमधे नसतं.

नाईटला अख्खा वॉर्ड एकटीवर टाकत असतील तर मात्र हे समाधान-बिमाधान बाजूला ठेव, मेट्रनकडं (नर्सांच्या प्रमुखांकडं) लेखी दे. इथं औषध बाळाच्या वजनाच्या किलोवर असतं, पॅरासिटामॉलसुद्धा साधारण किलोला १५ मिलीग्रॅम, दमलेल्या डोक्यानं दशांश चिन्ह चुकलं तर दहापट डोस जातो. तरी ऐकत नसतील तर हॉस्पिटल बदल, लाजू नको.

फील्ड सोडायच्या आधी एकदा एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) मागून बघ. तिथं दीड किलोच्या आतलं बाळ आईच्या छातीला उघडं लावून ठेवतात, कांगारू केअर, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरेनात म्हणून सुरू झालेली पद्धत, आणि रोज सकाळी काट्यावर वीस-पंचवीस ग्रॅम वाढले की आईआधी सिस्टरच ओरडतात. आवडलं तर नवजात बाळांच्या नर्सिंगचा १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो, कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी बघ, मगच फी भर.