आदामाने खाल्ले, मग माझा काय दोष?

प्रिय मुली,

तुझ्या रविवारच्या धर्मशिक्षण वर्गातल्या मुलाचा प्रश्न तू जसाच्या तसा लिहून पाठवलास, हे फार बरे केलेस. ‘आदामाने फळ खाल्ले, मग माझा काय दोष?’ आठ वर्षांच्या मुलाच्या या प्रश्नाला दोन शब्दांचे उत्तर आहे आणि येत्या रविवारी ते सर्वांत आधी त्याला सांग: काही नाही. आदामाच्या कृत्याबद्दल त्या मुलाने कुमसारात (धर्मगुरूपुढे पापांची कबुली देताना) एक अक्षरही बोलायचे नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात हे स्पष्ट लिहिले आहे (परिच्छेद ४०५): मूळपाप हा आदामाच्या कोणाही वंशजाचा वैयक्तिक अपराध नाही. तो हाताने केलेला गुन्हा नसून माणूस ज्या अवस्थेत जन्मतो ती अवस्था आहे. हे उत्तर आधी दिलेस की मूल मोकळे होईल आणि पुढचे ऐकेल. आधी दिले नाहीस, तर तासभर ते मनातल्या मनात देवाशी भांडत बसेल.

आता ती अवस्था म्हणजे काय, हे समजावताना आपल्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताचा, दाखला दे. गोव्यातल्या मुलांना तो पटकन कळतो. खाडीकाठचा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढचे काही हंगाम जमीन खारट राहते. बांध आजोबांच्या पिढीत फुटला असेल; नातवाने तो फोडलेला नसतो, पण त्याच्या वाट्याला येते ती खारटलेली जमीन. तरीही ती माती मेलेली नसते. पावसाच्या गोड्या पाण्याने ती धुतली जाते, बांध पुन्हा घातला जातो, भात पुन्हा उभे राहते. मनुष्यस्वभावाबद्दल कॅथलिक शिकवण नेमकी एवढीच आहे: तो जखमी आहे, नासलेला नाही. दाखला इथेच थांबव. जमीन स्वतः उठून मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या झडपेचे) दार उघडत नाही, माणूस उघडतो. आणि तिथून वैयक्तिक पाप सुरू होते.

या वाक्यामागे हजार वर्षांहून जास्त काळाचा वाद आहे, तो तुला ठाऊक हवा. पाचव्या शतकात पेलागियस नावाचा ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता की आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिले आणि मनात आणले तर माणूस स्वतःच्या बळावर निष्पाप जगू शकतो. संत ऑगस्टिनने ते नाकारले. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनेही नाकारले. पुढे सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर आणि इतर सुधारक दुसऱ्या टोकाला गेले: स्नानसंस्कारानंतरही (बाप्तिस्म्यानंतरही) माणसात उरणारी वाईटाची ओढ हेच पाप, असे त्यांचे म्हणणे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १७ जून १५४६ रोजी दोन्ही टोकांच्या मधली रेघ आखली. मूळपाप अनुकरणाने येत नाही, वंशाबरोबर येते. स्नानसंस्काराने ते खरोखर धुतले जाते. ओढ मात्र मागे उरते आणि ती ओढ स्वतः पाप नाही. ती पापातून आली आहे आणि पापाकडे झुकवते, इतकेच. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा वारशाने आलेल्या दोषापेक्षा वारशाने आलेल्या मरणावर आणि नाशवंतपणावर जास्त भर देते. मुलांना ही नावे सांगायची गरज नाही. पण ‘बाप्तिस्मा झालाय, तरी मला खोटे बोलावेसे का वाटते?’ असे कोणी विचारले, तर उत्तर ट्रेंटच्या त्या रेघेत आहे.

संत थॉमस अक्वायनसने या जखमेचे चार भाग सांगितले: बुद्धीत अज्ञान, इच्छाशक्तीत दुष्टता, कठीण कामासमोर दुर्बलता आणि सुखासमोर बेलगाम वासना. मोठ्या मुलांच्या वर्गात ही चौकट उपयोगी पडते. ‘मी वाईट आहे’ म्हणणाऱ्या मुलाला विचारता येते: तुला चांगले काय ते कळलेच नव्हते, की कळूनही नको होते, की हवे होते पण जमले नाही, की दुसऱ्याच कशाने ओढून नेले? चारही वेळा उपाय वेगळा असतो. अज्ञानाला शिकवण लागते, दुर्बलतेला सवय आणि सोबत.

बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा तिसरा अध्याय शिकवताना घाई करू नकोस. दोन रविवार लागले तरी लागू देत. चित्रात सफरचंद काढू नकोस. शास्त्रात फक्त ‘फळ’ आहे, आणि पाने आहेत ती अंजिराची. मुलांना पायऱ्या दाखव. दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो, बागेतल्या सगळ्या झाडांची फळे खुशाल खा, एक सोडून. साप विचारतो, ‘एकाही झाडाचे फळ खायचे नाही असे देव म्हणाला का?’ देणाऱ्याला त्याने एका वाक्यात कंजूष करून टाकले. हव्वा उत्तर देताना ‘त्याला हातही लावायचा नाही’ अशी स्वतःची भर घालते. म्हणजे देव आता तिलाही थोडा जाचक वाटू लागला आहे. मग ती पाहते, तिला ते हवेसे वाटते, ती घेते, खाते, नवऱ्याला देते. हात लागण्याच्या बऱ्याच आधी विश्वास गेलेला आहे. पापाचे मूळ तिथे आहे, आणि तुझ्या शिकवण्याचा सगळा भार तिथेच पडावा: देव आपले भले इच्छीत नाही असे मानणे.

नंतर काय तुटते, ते ओळीने येते. माणूस स्वतःला लाजतो आणि पाने शिवतो. देवापासून झाडाआड लपतो. ‘तू मला दिलेल्या बाईनेच मला फळ दिले’ असे म्हणत एकाच वाक्यात बायकोवर आणि देवावर खापर फोडतो. जमिनीतून काटे-कुसळे उगवतात. पुरुष बाईवर सत्ता गाजवू लागतो. हे सोळावे वचन देवाने घालून दिलेला नियम म्हणून कधीही शिकवू नकोस, तो पतनाचा परिणाम आहे. आपल्या समाजात ही गल्लत फार होते आणि तिची किंमत घरातल्या बाया मोजतात. चौथ्या अध्यायात भाऊ भावाला मारतो. त्याच अध्यायाच्या शेवटी लामेख सत्त्याहत्तर पट सूड घेईन म्हणून बढाई मारतो. शिष्य पेत्राने ‘किती वेळा क्षमा करू’ असे विचारल्यावर येशू जो आकडा सांगतो, त्यात लामेखाचाच हिशेब उलटा फिरवलेला आहे. मोठ्या मुलांना हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचून दाखव. आणि तिसऱ्या अध्यायातले एकविसावे वचन विसरू नकोस: बागेबाहेर काढण्याआधी देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. शिक्षा सांगून तास संपवलास, तर मुले अर्धीच गोष्ट घरी नेतील. मराठीत ही कथा प्रथम ओवीत गुंफली गेली ती गोव्यातच; फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. तुझ्या वर्गातल्या मराठी घरांना ते आवर्जून सांग.

आता गोंधळांविषयी, कारण मराठी बोलणाऱ्या मुलांत ते तीन दिशांनी येतात. पहिला पूर्वसंचिताचा. शाळेत, शेजारी, कीर्तनात ही कल्पना त्यांच्या कानावर येते. ती तिच्या जागी सखोल विचारातून आलेली आहे आणि वर्गात तिची टिंगल होता कामा नये. पण मूळपाप म्हणजे मागच्या जन्मीचे कर्म नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेत मागचा जन्मच नाही. दुसरा गोंधळ सोवळ्या-ओवळ्याचा. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू म्हणतो की बाहेरून आत जाणारे काहीही माणसाला विटाळत नाही. आतून, अंतःकरणातून निघणारे विटाळते. त्यामुळे मुलीची मासिक पाळी, घरातले मर्तिक, ताटातले मासे यांचा पापाशी काडीचा संबंध नाही, हे स्पष्ट बोल. तिसरा गोंधळ खात्याचा: दहा पुण्ये, सात पापे, शिल्लक तीन. क्षमा अशी वजाबाकीने मिळत नाही, दान म्हणून मिळते.

याला जोडून एक गोष्ट जिवाच्या आकांताने सांगते. आजारी मुलाला, अपंग भावंडाला, अपघातात गेलेल्या बापाला कोणाच्या पापाचे फळ म्हणू नकोस, आणि वर्गात कोणी म्हटले तर तिथल्या तिथे थांबव. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा येशू म्हणाला, याने पाप केले नाही आणि याच्या आईबापांनीही नाही (योहान ९). शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती का, असे विचारून तोच ‘नाही’ म्हणतो (लूक १३). दुःख आणि मरण जगात पापाबरोबर आले, अशी आपली शिकवण आहे. पण म्हणून अमक्याचे दुखणे तमक्या पापाचे, असा पंचनामा करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

वैयक्तिक पापाचे माप असे. प्राणघातक पापासाठी, म्हणजे देवाशी नाते तोडणाऱ्या पापासाठी, तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर हवा, तो गंभीर असल्याचे पुरते माहीत हवे, आणि जाणूनबुजून संमती हवी. एक जरी कमी असली तरी ते प्राणघातक पाप ठरत नाही. भीती, जबरदस्ती, जडलेली सवय, मनाचा आजार यांनी जबाबदारी कमी होते, कधी पूर्णही जाते. वाईट विचार मनात येणे हा मोह. त्यात रमणे ही पुढची पायरी. त्याला हो म्हणणे म्हणजे संमती. तापाने फणफणलेले मूल मिस्साला (रविवारच्या उपासनेला) गेले नाही, तर त्याने काही केलेले नाही. तरीही मुले हेच सांगत बसतात आणि धाकट्या बहिणीला रोज रडवल्याचे विसरतात. काही मुले याउलट प्रत्येक गोष्टीला पाप समजून झोप घालवून बसतात. अशा मुलाला आणखी यादी देऊ नकोस. फादरांना आधी कल्पना दे आणि एकाच धर्मगुरूकडे नियमित जाऊ दे.

पहिल्या कुमसाराची तयारी अशी करून घे. दहा मिनिटे शांतता. देव, घर, शाळा, खेळ या क्रमाने मुलाला आठवू दे. आठवणीसाठी कागदावर लिहायचे असेल तर चालेल, पण तो तू वाचायचा नाही, आईनेही नाही, आणि नंतर तो मुलाने स्वतः फाडायचा. आत गेल्यावर क्रूसाची खूण, पहिलीच वेळ असल्याचे सांगणे, मग पाप आणि अंदाजे किती वेळा. मोठ्यांना गंभीर पापाचा प्रकार आणि संख्या सांगणे बंधनकारक आहे (चर्चच्या कायद्यातले कॅनन, म्हणजे कलम, ९८८). दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही, लांबलचक कारणे द्यायची नाहीत. मग धर्मगुरू सांगतील ते प्रायश्चित्त, पश्चात्तापाची प्रार्थना आणि पापमोचनाचे शब्द. प्रार्थना मध्येच विसरली तर फादर मदत करतात, हे आधीच सांगून ठेव. मुले पापापेक्षा याला जास्त घाबरतात. आणि कुमसारात ऐकलेले धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत, हेही सांग. मात्र कोणी त्या मुलाशी वाईट वागले असेल, तर ते त्याचे पाप नाही आणि ते गुपित ठेवायचे नाही. ते त्याने तुला किंवा घरच्यांना लगेच सांगायचे, हे दोनदा सांग.

क्षमा मिळाली म्हणजे भरपाई सुटली असे नाही. चोरलेले पेन परत द्यायचे, पसरवलेली अफवा ज्यांना सांगितली त्यांच्याकडे जाऊन मागे घ्यायची. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट परत करण्याचे वचन दिले होते. मुलांना हा भाग सर्वांत लवकर कळतो. मोठ्यांना जड जातो.

अकरावी-बारावीच्या मुलांना पापाची दुसरी बाजूही दाखव. अनेकांची पापे साचून व्यवस्थाच वाकडी होते. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली यावर विस्ताराने लिहिले, आणि प्रत्येक सामाजिक पापाच्या मुळाशी माणसांनी केलेली पापेच असतात, हेही त्यांनी बजावले. गोव्यात उदाहरण शोधत लांब जायला नको. खाणींवर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची (लीजची) नूतनीकरणे रद्द केली. त्याआधीची कित्येक वर्षे धूळ खाल्लेल्या बागायती, गाळाने भरलेले ओहोळ, आणि पुढे कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांची थांबलेली चाके, यांत कोणी एकच माणूस दोषी नव्हता आणि म्हणून कोणालाच कुमसार करावासा वाटला नाही. मुलांना विचार: सही करणारा, न पाहणारा, माहीत असून गप्प बसणारा, यांतला प्रत्येकजण कबुलीत काय म्हणेल?

चर्चचे लोकही यातून सुटलेले नाहीत. इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्यांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायपीठाचा, प्रश्न येईल, आला पाहिजे. ते न्यायपीठ गोव्यात १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षे सोडली तर, चालू होते, हे सरळ सांग. सत्याच्या नावाने ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल याच पोप जॉन पॉल दुसरे यांनी १२ मार्च २००० रोजी रोममध्ये जाहीरपणे देवाची क्षमा मागितली, तेही सांग. सारवासारव करू नकोस. पापाची शिकवण देणाऱ्याने स्वतःच्या घराचे पाप लपवले, तर मुले त्या शिकवणीवर का विश्वास ठेवतील?

शेवटी क्रमाबद्दल. तू पाठवलेल्या आराखड्यात पहिला धडा उत्पत्ती तीनचा आहे. तो दुसरा कर. पहिला तास लूकच्या पंधराव्या अध्यायाचा घे: हरवलेले मेंढरू, हरवलेले नाणे, परतलेला मुलगा. बाप धावत येतो हे ज्याला माहीत आहे, त्यालाच आपण घर सोडून गेलो होतो हे म्हणवते. नरकाची चित्रे या वयात नकोत. पालकांची एक बैठक स्नानसंस्कारावर ठेव, कारण बरेच जण तो नुसता नाव ठेवायचा सोहळा समजतात. आणि बारापेक्षा जास्त मुले असतील तर कुमसाराच्या दिवसासाठी फादरांना आताच दुसरे धर्मगुरू बोलवायला सांग. रांग लांबली की शेवटच्या मुलांचे घाईत उरकले जाते.

देव बरें करूं.