भाषणाआधी कागद

राजकारणात बायका वाढाव्यात म्हणून कामाला लागली आहेस, तर भाषणांआधी कागद हातात घे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत. जागा मिळते, अर्ज मात्र छाननीत अडकतो.

राखीव प्रवर्गाच्या जागेसाठी लागणारा जातीचा दाखला लग्न झालेल्या बाईलाही वडिलांच्या जातीवरूनच मिळतो. म्हणजे माहेरचा शाळा सोडल्याचा दाखला, वडील-आजोबांच्या जुन्या नोंदी, शिवाय माहेरचं आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे दाखवणारा पुरावा. निवडणूक जाहीर झाल्यावर माहेरी धावाधाव केली की हमखास काहीतरी राहतं. म्हणून हे वर्षभर आधी सुरू कर. जात पडताळणीचा अर्ज भरून त्याची पोच जपून ठेवायला सांग.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो, हरलेल्या उमेदवारानेसुद्धा. चहाची पावतीही वहीत चिकटवायला लाव. हिशेब दिला नाही एवढ्यावरून चांगली बाई पुढच्या निवडणुकीला अपात्र ठरू शकते, याचं फार वाईट वाटतं.

ग्रामसभेआधीची महिला सभा कधीच सोडू नकोस. नुसती सह्यांची वही घरोघर फिरू देऊ नकोस. ठराव तिथेच लिहून, मोठ्याने वाचून मगच सह्या घे.